जुन्या सूर्यचित्रांवरून सूर्याचा भूतकाळ कसा कळतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा-दिग्रसकडच्या आमच्या गावात आम्ही काही शिक्षक आणि मुलं सूर्यावरच्या डागांची चित्रं काढतो. बघायला येणारे पालक, शेतकरी आणि शेजारच्या गावांतले विद्यार्थी जे विचारतात, ते इथं उत्तरांसह एकत्र केलं आहे. सगळं वाचायला वेळ नसेल तर पावसाबद्दलचा आणि कोऱ्या वर्तुळाबद्दलचा प्रश्न तेवढा वाचा. सर्वांत जास्त गैरसमज त्या दोन ठिकाणी आहेत.

सूर्यावरचा डाग म्हणजे नेमकं काय?

सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण ५,५०० अंश सेल्सिअस असतं. काही ठिकाणी चुंबकीय क्षेत्र इतकं तीव्र होतं की आतून वर येणारी उष्णता तिथं अडते. मग तेवढा भाग दीड-दोन हजार अंशांनी थंड पडतो आणि आजूबाजूच्या झगझगाटात काळा दिसतो. तो वेगळा काढून रात्रीच्या आकाशात ठेवला तर लख्ख चमकेल. डागांत चुंबकीय क्षेत्र असतं हे जॉर्ज हेल यांनी १९०८ मध्ये दाखवून दिलं. त्याआधी तीनशे वर्षं लोक डागांची चित्रं काढत होते ते कारण माहीत नसताना, आणि म्हणूनच त्या चित्रांत कुठला सिद्धांत मिसळलेला नाही.

जुनी चित्रं म्हणजे किती जुनी? कोणी काढली?

डागाचं सर्वांत जुनं ज्ञात चित्र ८ डिसेंबर ११२८ चं आहे. इंग्लंडमधल्या वूस्टरच्या जॉन नावाच्या साधूनं ते इतिवृत्तात काढून ठेवलं. ते नुसत्या डोळ्यांनी पाहून काढलेलं. दुर्बिणीतून पाहून काढलेली चित्रं डिसेंबर १६१० पासून मिळतात. सुरुवात थॉमस हॅरियट यांची. १६११ मध्ये योहानेस फाब्रिसियस यांनी या विषयावरची पहिली पुस्तिका छापली. मग गॅलिलिओ आणि क्रिस्टोफ शायनर आले, त्यांचा डागांवरून वादही झाला. गॅलिलिओंनी १६१२ च्या उन्हाळ्यात रोजच्या रोज काढलेली चित्रं इतकी नेटकी आहेत की ओळीनं लावली तर सूर्य फिरताना दिसतो.

पण माझ्या मते या कामाचे खरे मानकरी दोन हौशी माणसं आहेत. न्यूरेंबर्गचे योहान कास्पर श्टाउडाखर यांनी १७४९ ते १७९६ अशी जवळपास पन्नास वर्षं चित्रं काढली. त्या काळात सूर्याकडे इतकं सातत्यानं लक्ष ठेवणारं दुसरं कोणी फारसं नव्हतं. दुसरे डेसाऊ गावचे औषधविक्रेते हाइनरिश श्वाबे. बुधापेक्षाही सूर्याजवळ एखादा ग्रह असेल आणि तो सूर्यासमोरून जाताना काळ्या ठिपक्यासारखा दिसेल, या आशेनं ते १८२५ पासून सूर्य पाहू लागले. ग्रहाचा ठिपका डागांत हरवू नये म्हणून ते सगळे डाग टिपून ठेवत. ग्रह सापडला नाही, कारण तो नव्हताच. पण डाग साधारण दहा वर्षांच्या अंतरानं वाढतात आणि कमी होतात हे त्यांच्या वह्यांतून निघालं, आणि १८४३ मध्ये त्यांनी ते कळवलं. फारसं कोणी मनावर घेतलं नाही. १८५१ मध्ये नामवंत निसर्गशास्त्रज्ञ हम्बोल्ट यांनी त्यांचे आकडे आपल्या ग्रंथात छापले तेव्हा लोक जागे झाले. आज आपण ज्याला सरासरी अकरा वर्षांचं सौरचक्र म्हणतो, त्याचा शोध तो हा.

हातानं काढलेल्या चित्रावर भरवसा कसा ठेवायचा? माणूस काहीही काढेल.

शंका रास्त आहे, आणि संशोधकांचा बराच वेळ तिच्यातच जातो. चित्रात नेहमी चार गोष्टी तपासतात: तारीख, वेळ, दिशा आणि डागाचा आकार.

दिशेचं उदाहरण बघा. श्टाउडाखर यांनी वर्तुळ काढलं, डाग काढले, पण उत्तर कुठली हे बहुतेक ठिकाणी लिहिलं नाही. त्यात दुर्बिणीमुळे प्रतिमा उलटलेली. मग डाग सूर्याच्या विषुववृत्ताच्या वर होता की खाली, हे कळणार कसं? जर्मनीतल्या पॉट्सडॅमचे राइनर आर्ल्ट यांनी ही चित्रं स्कॅन करून मोजली तेव्हा त्यांनी सूर्याच्या फिरण्याचाच आधार घेतला. पृथ्वीवरून पाहिलं तर डाग सूर्याभोवती सुमारे २७ दिवसांत एक फेरा पूर्ण करतात. लागोपाठच्या दोन-तीन दिवसांच्या चित्रांत तेच डाग असतील, तर ते किती आणि कुठल्या रेषेत सरकायला हवेत हे गणितानं माहीत असतं. कागद फिरवत फिरवत ती रेषा जुळली की उत्तर दिशा सापडली.

आकाराचं तसंच. बारीक डाग पेन्सिलीच्या टोकापेक्षा लहान काढता येत नाही, म्हणून जुन्या चित्रांत छोटे डाग हमखास मोठे दिसतात. एकाच दिवशी दोघांनी काढलेली चित्रं शेजारी ठेवली की कोण किती फुगवून काढतो ते कळतं, आणि तेवढी दुरुस्ती त्याच्या सगळ्या चित्रांना लावता येते. माणूस चुकतो, पण बहुधा एकाच पद्धतीनं चुकतो. म्हणून त्याची चूक मोजून काढता येते.

तारखेत वेगळीच गंमत आहे. हॅरियट यांचं पहिलं चित्र त्यांच्या वहीत ८ डिसेंबर १६१० चं आहे. इंग्लंडमध्ये तेव्हा जुनं पंचांग चालू होतं. आजच्या पंचांगाप्रमाणे ती तारीख १८ डिसेंबर होते. सूर्य दहा दिवसांत एक तृतीयांशाहून जास्त फिरतो, त्यामुळे ही दुरुस्ती राहिली तर पुढचं सगळं गणित वाया.

डाग नसलेल्या दिवसाचं कोरं वर्तुळ काढून काय उपयोग?

माझ्यासाठी या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा आहे.

पर्जन्यमापकाच्या नोंदवहीत ०.० लिहिलेलं असणं आणि रकाना रिकामा असणं यातला फरक शेतकऱ्याला समजवावा लागत नाही. पहिल्याचा अर्थ मोजलं आणि पाऊस नव्हता. दुसऱ्याचा अर्थ त्या दिवशी कोणी मोजलंच नाही. सूर्याच्या जुन्या नोंदींत नेमका हाच घोळ झालेला आहे. सतराव्या शतकात एखाद्यानं लिहिलं, ‘या वर्षांत मला डाग दिसले नाहीत.’ ते वाक्य मोघम आहे. तो रोज पाहत होता की महिन्यातून एकदा? दुर्बीण कशी होती? पुढं विसाव्या शतकाच्या शेवटी जुन्या नोंदींची मोठी यादी तयार झाली, तेव्हा अशी काही वाक्यं ‘त्या काळातला प्रत्येक दिवस शून्य डाग’ अशी धरली गेली. त्यामुळे सूर्य होता त्यापेक्षाही शांत वाटू लागला. आता संशोधक मूळ कागद पुन्हा काढून वाचत आहेत आणि असे शून्य एकेक करून गाळत आहेत.

म्हणून आमच्याकडे मुलांना सांगणं असं: पाहिलं आणि डाग नव्हता, तर कोरं वर्तुळ काढून तारीख, वेळ घाला आणि खाली ‘डाग नाही’ लिहा. ढग असतील तर ‘ढग’ लिहा. पाहिलं नसेल तर पान सोडून द्या. मागाहून आठवून भरू नका.

सूर्यावर सत्तर वर्षं डागच नव्हते, हे खरं का?

अगदीच नव्हते असं नाही, पण फार कमी होते. १६४५ ते १७१५ या काळाला माउंडर यांच्या नावानं ओळखतात. जर्मनीचे श्पोरर आणि इंग्लंडचे एडवर्ड माउंडर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याकडे लक्ष वेधलं होतं. अनेकांना वाटलं, तेव्हा कोणी नीट पाहतच नसेल. १९७६ मध्ये जॉन एडी यांनी जुने कागद, ध्रुवीय प्रकाशाच्या नोंदी आणि झाडांच्या खोडातल्या वर्तुळांतला कार्बन-१४ (सूर्य शांत असताना तो जास्त तयार होतो) एकत्र मांडून दाखवलं की सूर्य खरोखरच शांत झाला होता. पाहणारेही होते, आणि चांगले होते. पॅरिसच्या वेधशाळेत पिकार आणि त्यांच्यानंतर ला हीर यांनी वर्षानुवर्षं सूर्य पाहिला. त्यांच्या नोंदींतून एक विलक्षण गोष्ट निघाली: जे थोडे डाग आले ते जवळजवळ सगळे सूर्याच्या दक्षिण अर्ध्यातच आले. नुसता आकडा लिहून ठेवला असता तर हे कधीच कळलं नसतं. डाग कुठं होता ते काढून ठेवलं म्हणून कळलं.

त्याच सुमारास युरोपात कडाक्याचे हिवाळे पडले हे खरं. पण तो थंडीचा काळ त्याआधीच सुरू झाला होता आणि त्यामागं ज्वालामुखींसारखी इतर कारणंही होती. सगळं सूर्यावर ढकलू नये.

डाग मोजतात कसे?

झुरिचचे रुडॉल्फ वुल्फ यांनी दिलेली रीत आजही चालते. डागांचे समूह मोजा, त्याला दहानं गुणा, त्यात सुट्या डागांची संख्या मिळवा. एका समूहात ३ आणि दुसऱ्यात ५ डाग असतील तर २ गुणिले १० अधिक ८, म्हणजे २८. प्रत्येक निरीक्षकाच्या दुर्बिणीप्रमाणे आणि नजरेप्रमाणे या आकड्याला एक गुणक लावतात. अशी वार्षिक मालिका १७०० पासूनची तयार आहे. ती ब्रुसेल्समध्ये सांभाळली जाते आणि २०१५ मध्ये तिची मोठी दुरुस्ती झाली.

गुरुजी, ह्या डागाईवरून पाणी सांगता येते का?

नाही. येत नाही. कोणी तसं सांगून पैसे मागत असेल तर देऊ नका.

प्रश्न मात्र चुकीचा नाही. दीडशे वर्षांपूर्वी मोठमोठ्या माणसांना हाच प्रश्न पडला होता. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळात सरकारी सांख्यिकी पाहणारे विल्यम हंटर आणि खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी १८७७ मध्ये मांडलं की डाग कमी असतात तेव्हा दक्षिण भारतात पाऊस कमी पडतो. जेव्हन्स नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं त्यापुढं जाऊन डाग, भारतातलं पीक आणि इंग्लंडमधली व्यापारमंदी अशी साखळी जोडली. सूर्याचा अभ्यास केला तर मान्सून उमगेल, ही आशा कोडाईकनालची सौर वेधशाळा उभी राहण्यामागंही होती.

मग ताळा का जमला नाही? तीन दुष्काळ घ्या. १८७७ चा दुष्काळ डाग अगदी कमी असतानाचा. १९१८ साली देशभर पाऊस दगा देऊन गेला, तेव्हा डागांचा जोर नुकताच, म्हणजे १९१७ मध्ये, टिपेला जाऊन आला होता. आणि आपल्या आजोबांच्या तोंडी असलेला १९७२ चा दुष्काळ तर चक्राच्या मधोमध, ना कमी ना जास्त. एकाच सूर्याकडून तिन्ही अवस्थांत दुष्काळ पडत असेल, तर त्या आकड्यावर पेरणी ठरवता येत नाही. हवामान खात्याचे तेव्हाचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी १९१५ च्या सुमारास डाग आणि पाऊस यांचे आकडे कसून ताडून पाहिले. भरवशाचा धागा मिळाला नाही. त्यांना महत्त्वाची गोष्ट सापडली ती दुसरीकडे: प्रशांत महासागर आणि हिंदी महासागर यांच्यावरच्या हवेच्या दाबातला झोका. आज आपण एल निनोच्या बातम्या ऐकतो, त्याचा हा दुसरा पदर.

सूर्याकडून येणारी ऊर्जा एका चक्रात फक्त ०.१ टक्क्यानं कमीजास्त होते. तुमच्या वावरातलं सोयाबीन किंवा पऱ्हाटी कशी येईल हे त्यावरून सांगणं म्हणजे लोकांची फसवणूक.

मग डागांचा पृथ्वीवर काहीच परिणाम नाही?

आहे, पण तो पावसावर नाही, वीजपुरवठ्यावर आणि दळणवळणावर आहे. १ सप्टेंबर १८५९ रोजी रिचर्ड कॅरिंग्टन इंग्लंडमध्ये एका मोठ्या समूहाचं चित्र काढत होते. अचानक त्या समूहावर पांढऱ्या प्रकाशाचे दोन ठिपके झळकले आणि पाचेक मिनिटांत विझले. त्यांनी ते त्याच चित्रात अक्षरं घालून दाखवले. सतरा-अठरा तासांनी पृथ्वीवर नोंदींतलं एक सर्वांत मोठं चुंबकीय वादळ आदळलं आणि तारायंत्रं बंद पडली. त्या वेळी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकीय क्षेत्र हातानं मोजलं जात होतं. क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लानं (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) खाली कोसळल्याची तिथली नोंद आजही त्या वादळाचा आवाका ठरवायला वापरतात. इंग्लंडमधलं पेन्सिलचित्र आणि कुलाब्याचा तक्ता एकत्र ठेवले की घटना पूर्ण होते. मला या सगळ्या इतिहासात हे सर्वांत भारी वाटतं.

भारतात अशी चित्रं आहेत का?

आहेत, आणि मोलाची आहेत. कोडाईकनालला १९०४ पासून सूर्याची छायाचित्रं घेतली जातात. शिवाय तिथं हातानं रंगीत तक्ते काढायची पद्धत होती. डाग, तेजस्वी भाग, कडेच्या ज्वाला असं सगळं वेगवेगळ्या रंगांत, अक्षांश-रेखांशांच्या जाळीवर. हा साठा आता संगणकावर आणला जात आहे. डेहराडूनला घेतलेली छायाचित्रंही इंग्लंडमधल्या ग्रीनिच वेधशाळेच्या १८७४ ते १९७६ या सूर्यछायाचित्रांच्या मालिकेतल्या रिकाम्या जागा भरायला वापरली गेली.

आता उपग्रह आहेत. आदित्य-एल१ आहे. चित्रं कशाला?

आदित्य २०२३ मध्ये गेलं. १७५० साली ते नव्हतं. जुनी मोजपट्टी आणि नवी मोजपट्टी जोडायची तर काही माणसांनी जुन्याच रीतीनं, लहान दुर्बिणीनं आणि डोळ्यांनी, मोजत राहायला हवं. स्वित्झर्लंडमधल्या लोकार्नोत १९५७ पासून आणि ब्रुसेल्सजवळ १९४० पासून म्हणूनच अजून कागदावर चित्र काढतात.

कवेलूच्या फटीतून घरात कवडसा पडतो. त्यात डाग दिसेल का?

कवडशाचा गोल म्हणजे सूर्याची प्रतिमाच असते. फटीचा आकार कसाही असला तरी गोल गोलच पडतो, तो यामुळे. मे १६०७ मध्ये प्रागला योहानेस केप्लर यांनी असाच छिद्रातून आलेला सूर्य कागदावर घेतला. त्यात त्यांना लहानसा काळा ठिपका दिसला. तो सूर्यासमोरून जाणारा बुध आहे असं त्यांना वाटलं, पण तो डाग होता. दुर्बिणीतून डाग दिसायच्या तीन वर्षं आधीचं हे चित्र. जपानमधल्या नागोयाचे हिसाशी हायाकावा आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये ते पुन्हा तपासलं. चक्र संपत आलं की डाग विषुववृत्ताजवळ येतात आणि नवं चक्र सुरू झालं की वरच्या अक्षांशांवर. केप्लर यांचा डाग विषुववृत्ताजवळ निघाला, म्हणजे १६०७ मध्ये आधीचं चक्र संपत आलं होतं. एका कवडशावरून एवढं कळलं.

तुमच्या घरातलं गणित असं: गोलाचा व्यास हा छिद्रापासूनच्या अंतराच्या साधारण १०७ वा भाग असतो. छप्पर तीन मीटर उंच असेल तर गोल तीन सेंटिमीटरहूनही थोडा लहान. छिद्र जेवढं, तेवढी प्रतिमेची कड पुसट. त्यामुळे रोजचे छोटे डाग कवडशात दिसत नाहीत. मे २०२४ मध्ये आला तसा प्रचंड समूह, बारीक छिद्र, आठ-दहा मीटर अंतर आणि अंधारी खोली एवढं जमलं तर पांढऱ्या कागदावर प्रयत्न करा. जिनिंगच्या किंवा गोदामाच्या पत्र्याखाली हे घरापेक्षा बरं जमतं.

आम्हाला चित्र काढायचं आहे. कसं काढू?

आधी एक गोष्ट. दुर्बिणीतून सूर्याकडे डोळा लावायचा नाही, क्षणभरही नाही. डोळ्याचा पडदा जळतो आणि जळताना दुखत नाही, त्यामुळे कळतही नाही. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, सीडी, यातलं काहीही चालत नाही. मुलांसोबत मोठं माणूस हवंच, आणि दुर्बिणीला जोडलेली छोटी शोधक दुर्बीण झाकून ठेवा.

५० ते ६० मिलिमीटरची साधी भिंगाची दुर्बीण पुरते. नेत्रिकेमागं, म्हणजे एरवी डोळा लावतात त्या भिंगामागं, पांढरा कागद धरून सूर्य त्यावर पाडायचा. कागदावर आधीच १५ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ काढून ठेवा आणि प्रतिमा त्यात बरोबर बसेपर्यंत कागद मागं-पुढं करा. या मापात पृथ्वी दीड मिलिमीटरपेक्षाही लहान असते, हे मुलांना आधी सांगा. मग ती ठिपक्याकडे वेगळ्या नजरेनं बघतात. आता दुर्बीण न हलवता थांबा. प्रतिमा आपोआप सरकते, दोन मिनिटांत अख्खा सूर्य वर्तुळाबाहेर जातो. ज्या दिशेनं डाग सरकला ती पश्चिम. तिथं बाण काढा. श्टाउडाखर यांच्या चित्रांत नेमका हाच बाण हवा होता. मधे काटकोनी आरसा लावला असेल तर प्रतिमा डावी-उजवी उलटते, तेही लिहून ठेवा.

डागाचा गडद गाभा आधी काढा, भोवतीची फिकट किनार नंतर. दुसऱ्या दिवशी मध्याजवळचा डाग सुमारे पावणेदोन सेंटिमीटर पुढं गेलेला दिसेल. तसा दिसला की मुलं कोणी न सांगता तिसऱ्या दिवशी हजर होतात.

कुठल्या वेळी पाहावं? पावसाळ्यात काय?

सकाळी, जमीन तापायच्या आत. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये नऊनंतरच हवा थरथरायला लागते आणि बारीक डाग विरघळून जातात. दिवाळीपासून होळीपर्यंतचं आकाश सर्वांत चांगलं. पावसाळ्यात खंड पडणारच, पडू द्या. शक्य तर रोज एकाच वेळी काढा, कारण साध्या स्टँडवरच्या दुर्बिणीत दिवसभरात सूर्याची प्रतिमा स्वतःभोवती कलत जाते.

दोन मुलांची चित्रं वेगळी येतात. कोणाचं खरं धरायचं?

दोन्ही ठेवा, दुरुस्त काहीही करू नका. एकाला सहा डाग दिसले आणि दुसरीला नऊ, तर त्यात खोटं कोणी नाही. महिन्याअखेरी दोघांच्या सारख्या तारखांचे आकडे शेजारी मांडा आणि भागाकार करा. येणारा आकडा म्हणजे त्या दोघांमधला गुणक, वुल्फ यांनी श्वाबे यांच्या नोंदी आपल्या नोंदींशी जोडल्या तशाच रीतीचा. यासाठी एकमेकांचं बघून काढायचं नाही. एकानं काढून कागद उलटा ठेवायचा, मग दुसरीनं काढायचं. वहीच्या पहिल्या पानावर दुर्बिणीचं माप, नेत्रिका आणि निरीक्षकाचं नाव असावं. दुर्बीण बदलली की नवी वही सुरू करा.